उशीर ठाऊक नसलेला माणूस

शशिकांतबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं कुणी म्हणालं तर मला ते जमणार नाही. चांगले शब्द सापडणार नाहीत असं नाही. पगार वेळेवर द्यायचा, आवाज कधी चढवायचा नाही, चहा स्वतः ओतून द्यायचा. पण मला तो पहिल्या दिवशी आवडला नाही, पुढे कधी आवडला नाही, आणि आज तर त्याचं नाव काढलं तरी माझ्या कपाळावर आठी येते. तरी लिहायला बसले आहे. न आवडणारी माणसं आपोआप विसरली जात असती तर किती बरं झालं असतं.

सांगलीत विश्रामबागेत, एका खतं-बियाणांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याची गेम बनवायची कंपनी होती. जिना चढताना खाली खताचा वास, वर थंडगार एसी आणि रांगेत बसलेली, कानाला हेडफोन लावलेली पोरं. मी मूळची रहिमतपूरची. कॉलेजात मराठी शिकवलं, रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या, आणि शिकवण्याचा कंटाळा आल्यावर, ओळखीतून, या कंपनीत गोष्ट आणि संवाद लिहायला गेले. व्हिडिओ गेम म्हणजे काय ते मला टीव्हीवरच्या जाहिरातींपुरतंच माहीत होतं.

पहिल्या भेटीत मी माझ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. समोर शशिकांत मान हलवत होता, चेहरा अगदी लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा. पण टेबलावर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा टक्, टक्, टक् असा खाली-वर होत होता. मला वाटलं, काही आजार असेल बिचाऱ्याला. नंतर कळलं, आजार वगैरे काही नाही. गेममध्ये एखादं पात्र लांबण लावायला लागलं की एक बटण असतं. ते दाबत राहिलं की पात्राचं बोलणं भराभर सरकून संपतं आणि आपण मोकळे होतो. शशिकांतचा अंगठा हातात बटण नसतानाही ते दाबत असायचा. समोर माणूस बोलत असला की दाबायचा.

"पुढं," तो म्हणाला. मी थांबले. "न्हाई, तुमी बोला की. पुढं."

हे 'पुढं' मी नंतर दिवसातून किती वेळा ऐकलं ते विचारू नका. कुणाच्या घरी मयत झालं म्हणून रजा मागायला माणूस आला तरी हा "व्हय, पुढं" म्हणायचा. रजा द्यायचा, नाही असं नाही. पण त्या माणसाचं सांगून व्हायच्या आत द्यायचा.

त्याची भाषा ऐकून तो खेड्यात वाढला असेल असा कुणाचाही समज व्हावा. माझाही झाला. खरं तर तो वाढला दूर दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, वडिलांच्या सोनं गाळायच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. विटा भागातली कितीतरी घरं अशी या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. बाहेर तिथली भाषा, शाळेत इंग्रजी, आणि घरात आई-वडिलांनी गाव सोडताना बरोबर नेलेली मराठी. ती त्या दोन खोल्यांत तशीच राहिली. गावातली पोरं एव्हाना 'नाही' आणि 'आहे' म्हणायला लागली, हा अजून 'न्हाई' आणि 'हाय' वर. त्याचा त्याला अभिमान होता. मला म्हणायचा, "मॅडम, तुमी पुस्तकातल्या. गाव मला ठावं हाय." रहिमतपूरच्या मातीत वाढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटावं, याची त्याला फिकीर नव्हती.

पहिला महिना त्यानं मला लिहायला दिलंच नाही. हातात ते खेळायचं यंत्र दिलं आणि म्हणाला, "आदी खेळा. रीत कळू दे." मी खेळले. आणि मला जी रीत कळली तिनं माझं टाळकं सरकलं.

गेममधला हिरो कुणाच्याही घरात सरळ शिरतो. चपला काढत नाही. घरातले रांजण, मडकी फोडतो, कपाटं उघडतो, सापडेल ते खिशात घालतो, आणि घरधनी बाजूला उभा राहून हसतमुखानं म्हणतो, "यंदा पाऊस चांगला आहे." आमच्याकडं कुणी परस्पर उतरंडीला हात लावला असता तर माझ्या आजीनं फुंकणी हातात घेतली असती. हिरोच्या खिशात चाळीस तलवारी मावतात. अंगात बाण घुसलेले असताना तो एक भाकरी खातो आणि बाण गळून पडतात. वाघ मारतो, किल्ला चढतो, पण रस्त्याकडेला गुडघाभर उंचीचा बांध आला की त्याला तो ओलांडता येत नाही, लांबून वळसा घालावा लागतो. खलनायक त्याला मारायच्या आधी आपला सगळा बेत सविस्तर समजावून सांगतो. एवढं ऐकायची सवड हिरोला आहे, आणि गावातल्या एखाद्या म्हातारीचं ऐकायची नाही, तिथं बटण.

आणि गावातली माणसं. ती आपापल्या जागी उभी असतात. एक पाराशी, एक विहिरीशी, एक दारात. प्रत्येकाला एक वाक्य दिलेलं. हिरो जवळ गेला की ते वाक्य म्हणायचं. परत आला की परत तेच. दिवस जावो, वर्ष जावो, माणूस तिथंच आणि वाक्य तेच. हिरो पलीकडे गेला की ती माणसं नसतातच, कंप्यूटर त्यांना पुसून टाकतो, असंही मला तिथल्या पोरांनी समजावलं. हे ऐकल्यावर मात्र मी शशिकांतच्या केबिनमध्ये गेले.

"अहो, अशी कुठं माणसं असतात का?"

"असत्यात की," तो म्हणाला. "आमच्या गावात समदी अशीच हायती."

मी ते थट्टेवारी घेतलं. तो थट्टा करत नव्हता.

आमच्या गेमची गोष्ट अशी होती. माळावरचं एक गाव. वरच्या अंगाला तलाव, त्याचा बंधारा फुटायला आलाय. हिरोनं खालच्या वस्तीत जाऊन लोकांना उठवायचं. हे पहिल्याच दृश्यात एक पोलीसपाटील धापा टाकत त्याला सांगतो, "पळ, संध्याकाळपर्यंत बंधारा राहत नाही." झालं. इथून पुढे खेळणाऱ्याच्या मर्जीवर. त्यानं पळावं, किंवा आधी मासे धरावेत, कुस्ती खेळावी, एका धनगराचं हरवलेलं कोकरू शोधून द्यावं. हे सगळं करून तो आठ दिवसांनी वस्तीत पोचला तरी बंधारा फुटायच्या बेतातच. तो पोचला की मगच पहिला दगड ढासळायचा.

मी आधी कोकरावरून भांडले. म्हटलं, आपलं कोकरू शोधायला कुठला धनगर अनोळखी माणसाला पाठवेल? तो आधी यालाच धरेल, तूच नेलं असशील म्हणून. आपल्याकडं अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न काय? "पाव्हणं कुठलं?" मग कुणाचे, मग कुणाच्यात आलात, मग तुमच्या गावचा अमुक तमुक आमच्या मेव्हण्याचा साडू. एवढं झाल्याशिवाय कुणी आपल्या शेरडाचं नावसुद्धा सांगत नाही. मी ते सगळं लिहूनही दिलं. पारावरच्या म्हाताऱ्याला चांगलं पानभर बोलणं दिलं, नेमकं आणि मजेदार. मला ते आवडलं होतं.

शशिकांतनं वाचलं. अंगठा चालूच. मग त्यानं पान खालपर्यंत खोडलं आणि एकच ओळ ठेवली. "कवा आलास?"

"खेळणारा अनोळखी न्हाई वो, मॅडम," तो म्हणाला. "त्यो हिरो हाय. समदी त्याची वाटच बगत असत्यात."

बंधाऱ्यावरून आमचं त्याहून मोठं भांडण झालं. मी म्हटलं, बंधारा खरोखर फुटू दे. कुणी मासे धरत बसला तर वस्ती वाहून जाऊ दे. मग त्याला कळेल. त्या वेळी मात्र शशिकांतचा अंगठा थांबला, इतकं त्याला ते चुकीचं वाटलं. मला त्यानं एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "खेळणाऱ्याला उशीर झाला असं कंदीच सांगायचं न्हाई. त्यो चिडतो आन् गेम टाकून देतो. त्यो येईस्तवर समदं थांबाया पायजे. ह्या धंद्यातला पयला नेम त्यो."

त्या नेमाचं त्यानं बोलीतलं एक रूप करून घेतलं होतं, "थांबतंय." विजेचं बिल, गाडीचा विमा, बायकोचा फोन, सगळ्याला तेच उत्तर. "थांबतंय वो, मॅडम." आणि चिडचिड व्हावी अशी गोष्ट म्हणजे, बहुतेक वेळा ते थांबायचंही. पैसेवाल्या माणसासाठी पुष्कळ गोष्टी थांबतात.

मग त्याच्या गावच्या यात्रेला तो आम्हाला घेऊन गेला. आवाज रेकॉर्ड करायचे होते, कोंबड्यांचे, गिरणीचे, देवळातल्या घंटेचे, आणि गावातल्या माणसांचे. विट्याच्या पलीकडं, कुसळं आणि बाभळींच्या रानात त्याचं गाव. यात्रेपुरत्या गावात देशभरातल्या नंबरप्लेटच्या गाड्या लागलेल्या. एरवी निम्म्या घरांना कुलूप.

गाडी वेशीत थांबली. पारावर एक म्हातारा बसला होता. त्यानं शशिकांतला पाहिलं आणि म्हणाला, "कवा आलास?"

"हे काय, आत्ताच."

"कवा जाणार?"

"परवा."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो रस्त्याकडं पाहायला लागला. पुढे गिरणीच्या दारात पिठानं पांढरा झालेला माणूस. "कवा आलास? आन् जाणार कवा?" पुढे दुकानाच्या फळीवर तिसरा. तेच. शशिकांत माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर मी एवढा आनंद त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"बगितलं? मी काय खोटं दावतो व्हय?"

तो खोटं दाखवत नव्हता. लहानपणापासून हा मुलगा वर्षातून एकदा तीन दिवस गावाला यायचा. म्हातारा पारावर, गिरणीवाला गिरणीत, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य. पुढच्या वर्षी आला तर पुन्हा सगळे जागच्या जागी. मधलं वर्ष त्याच्यासाठी नव्हतंच. मी ज्याला गेमचा खोटेपणा म्हणत होते तो त्यानं गेम पाहायच्या आधीच डोळ्यांनी पाहिला होता. हे कळल्यावर त्याच्याबद्दल मला सहानुभूती वाटायला हवी होती. मला राग आला. पाहुण्याला विचारायचं वाक्य आपल्याला का विचारतात, हे त्याला एवढ्या वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं.

त्याच्या घराच्या दारात हौसाआत्या बसलेली. त्याच्या वडिलांची थोरली बहीण, नवरा लवकर गेल्यावर माहेरी परतलेली. भाऊ दुकानापायी परमुलखात, म्हणून घर, गाय, चार पट्ट्या रान हिनंच सांभाळलेलं. शशिकांत उंबऱ्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. काही बोलला नाही. नंतर मला कळलं, त्याची ती रीतच होती. तिचं वाक्य येईपर्यंत उभं राहायचं.

"आलास व्हय रं? हात-पाय धू," ती म्हणाली. तांब्या उचलून तिनं त्याच्या पायांवर पाणी ओतलं. त्यानं पाय धुतले आणि तो सरळ माडीवर गेला.

मी तिच्याबरोबर चुलीपाशी बसले. आणि ती जी बोलायला लागली. नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी झालेलं भांडण, तिच्या गाईच्या खोड्या, भावजय पहिल्यांदा रेल्वेत बसली तेव्हा कशी रडली, गावातल्या कुलूपबंद घरांत कुणाच्या कुठं घुशी झाल्यात. मी हसून हसून दमले. एका वाक्याची बाई नव्हती ती. तिच्याकडं गाडाभर बोलणं होतं.

"शशिकांतला सांगता का हे सगळं?" मी विचारलं.

"त्यो लय गुणाचा हाय. पर बसत न्हाई," ती म्हणाली. "मी हात-पाय धू म्हनते, तवर त्यो माडीवर. फुडचं कुणाला सांगू?"

भाकरी थापताना तिचा हात पिठाच्या डब्याकडं जाताना चाचपडत होता. मी विचारलं तेव्हा तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि सांगितलं. बल्बाभोवती रंगीत कडं दिसतंय. बाजूची माणसं दिसत नाहीत, समोर आली की दिसतात. विट्याच्या डॉक्टरनं सांगितलंय की डोळ्याची नस सुकतीय, सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्या.

माझे वडील याच दुखण्यात आंधळे झाले होते. काचबिंदू. मला एक-एक खूण पाठ होती. मी म्हटलं, "आत्या, उद्याच चला माझ्याबरोबर. माझ्या घरी राहा."

"आवं न्हाई बाई." ती पटकन म्हणाली. "शशी नेतो म्हनलाय. गेल्या यात्रंलाच म्हनला. मी समद्या आळीत सांगितलंय. आता परक्या बाईसंगं गेले तर लोकं काय म्हनतील? येवडा मोटा भाचा, आन् आत्याला न्यायाला सवड न्हाई. माज्या पायी त्याला नावं ठिवू द्यायची व्हय?"

मी पुष्कळ समजावलं. ती हसत राहिली आणि भाकऱ्या थापत राहिली. भाच्याची अब्रू तिला डोळ्यांपेक्षा मोठी होती. मला आजही त्या समजुतीचा संताप येतो, पण तिचा नाही येत.

दुसऱ्या दिवशी शशिकांतनं तिच्यापुढं माइक धरला. ती बिचारी हरखून गेली, पदर सारखा करून बसली. मला वाटलं, आता हिचं गाडाभर बोलणं एकदाचं कुणीतरी ऐकेल. शशिकांत म्हणाला, "आत्ये, नेहमीचं म्हन. आलास व्हय रं, हात-पाय धू." तिनं म्हटलं. "आनी येकदा." तिनं पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, "आनी सांगू का काय? डोळ्यांचं—" त्यानं माइक बंद केला होता. "झालं, आत्ये. लय झाक झालं."

परतताना गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. नावानिशी, लक्षणांनिशी, माझ्या वडिलांच्या उदाहरणानिशी. तो गाडी चालवत होता. त्याचा अंगठा स्टिअरिंगवर टक्, टक् करत होता.

"मोतीबिंदू हाय त्यो," तो म्हणाला. "पिकू द्यायचा असतो. कच्चा काडत न्हाईत."

पूर्वी म्हातारी माणसं मोतीबिंदूबद्दल असं म्हणायची. पिकला की काढायचा. त्या भाषेबरोबर ही समजूतही त्याच्या वडिलांनी गावाहून नेली असणार, आणि त्या दोन खोल्यांत तीही तशीच राहिली असणार.

"हा तो नाही, शशिकांत. काचबिंदू थांबत नाही. गेलेली नजर परत येत नाही."

"गेम बाहेर पडू दे," तो म्हणाला. "मग निवांत नेतो. थांबतंय वो, मॅडम."

त्यानंतर ऑफिसात दिवसभर तिचा आवाज. गेम तपासणारी पोरं हिरोला तिच्या घरात शंभरदा नेत, मडकी फोडत, बाहेर काढत, पुन्हा आत नेत. "आलास व्हय रं? हात-पाय धू." मडकं फुटलं. "आलास व्हय रं? हात-पाय धू." पोरांना त्याचं हसू यायचं, जाता-येता एकमेकांना तसंच म्हणायची. मी कानात कापूस घालून बसायचे. मधल्या काळात मी त्याला अनेकदा आठवण केली. तोंडी केली, फोनवर केली, एकदा सगळ्यांसमोर केली. त्याला राग आला नाही. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणायचा, "माज्या ध्यानात हाय." आणि खरंच होतं. कामांच्या यादीत ते काम होतंच, आणि यादीतलं काम, आपण हात लावीपर्यंत, आहे तसंच राहणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. वाईट माणूस असता तर मी त्याला कधीच ओळखलं असतं आणि सोडून दिलं असतं.

गेम बाहेर पडली. बरी चालली. देशभरच्या गलाईवाल्यांच्या, सोनं गाळणाऱ्यांच्या पोरांनी भरभरून लिहिलं. 'हुबेहूब आमचं गाव.' 'आत्याचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं.' शशिकांत ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी राजीनामा दिला. त्यानं कारण विचारलं. मी सांगायला लागले तर त्याचा अंगठा हलायला लागला, तेव्हा मी मधेच उठून जिना उतरले.

त्यानंतर काही दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, आत्याला आणायचं हाय सांगलीला. गावातनं फोन आलता, आता लय कमी दिसतंय म्हनून. बाईमाणूस संगं पायजे. येता का?" मी हो म्हटलं, पण त्याच्यासाठी नाही.

गोष्टी लिहिणारे जे शेवटापर्यंत दडवून ठेवतात ते मी आधीच सांगून टाकते. मला त्या युक्त्यांचा वीट आला आहे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आत्याचे डोळे तपासले आणि विचारलं, "एवढे दिवस काय करत होता?" काचबिंदूच होता. वेळेत आणलं असतं तर आहे ती नजर राखता आली असती. आता राखायला काही उरलं नव्हतं. शशिकांतनं तीन वेगवेगळ्या प्रकारे तेच विचारलं, ऑपरेशन, परदेशी औषध, दुसरा दवाखाना. हे काम आता होणार नाही, हे त्याला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. तो चिडला. खेळणारा चिडतो असं तोच म्हणायचा.

पण मला तो आठवतो तो दवाखान्यातला नाही. त्या दिवशी सकाळी, तिला आणायला आम्ही गावात शिरलो तेव्हाचा.

यात्रेचे दिवस नव्हते. पारावर कुणी नव्हतं, गिरणी बंद. हौसाआत्या मात्र दारात बसली होती, तोंड रस्त्याकडं. शशिकांत गाडीतून उतरला, नेहमीसारखा उंबऱ्यासमोर गेला आणि उभा राहिला. मी त्याच्या मागं.

आत्यानं मान वाकडी केली.

"कोण हाय?"

तो तसाच उभा.

"पाव्हणं कुठलं?" ती म्हणाली. अनोळखी माणसाला विचारतात तशी, अदबीनं. "कुणाच्यात आलाय तुमी?"

मी बाजूला सरकून त्याच्याकडं पाहिलं. तो तिच्या तोंडाकडं पाहत होता आणि पँटच्या शिवणीवर त्याचा उजवा अंगठा खाली-वर होत होता. सावकाश. एकदा, मग पुन्हा एकदा. वाक्य येत नव्हतं.

"बोला की," आत्या म्हणाली. "मला दिसत न्हाई."

"आत्ये, मी हाय," तो म्हणाला. "शशी."

"आगं बया." तिचा सगळा चेहरा उजळला. "आलास व्हय रं? हात-पाय धू." ती भिंतीला धरून उठली. "मी लुगडं बदलते, लगीच निगू. मी समद्यांस्नी म्हनलं हुतं, त्यो येतोय बगा. उशीर कसला, त्याला कामं असत्यात. आता डोळं बरं झालं की तुजा त्यो गेम का काय, त्यो बगते येकदा."

तिनं चाचपडत तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. धार त्याच्या पायांपासून हातभर लांब, कोरड्या फरशीवर पडत होती. तिला वाटत होतं तिथं तो उभा नव्हता.

मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही. पण त्याचा अंगठा थांबला होता, आणि तांब्यातलं पाणी संपत आलं होतं. शशिकांतनं चपला काढल्या, एक पाऊल बाजूला सरकला आणि दोन्ही पाय त्या धारेखाली नेले.